ताई, तुमचा माइक चालू आहे

मित्रांनो, आधी एक विनंती. माझ्यावर फुंकर मारू नका, बोटाने टकटक करू नका आणि 'हॅलो हॅलो, एक दोन तीन' असंही म्हणू नका. मी जागा आहे. मी एक जुना माइक. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा पडला आहे, रंग उडाला आहे, पण कान अजून शाबूत आहेत.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे ओळीने टेबलं होती आणि त्यांवर माझी भावंडं अर्धवट पडलेली असत. कुणाला जाळी नाही, कुणाला मान नाही. शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाले काका बसत. ते प्रत्येकाला तोंडाशी धरून एकच वाक्य बोलत, "जेवलास का रे बाबा?" आणि कानाला लावलेल्या यंत्रातून स्वतःचाच प्रश्न ऐकत. आवाज स्वच्छ आला की मान डोलवत. माझ्याशी कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. पुढे बरंवाईट पुष्कळ ऐकलं, पण सुरुवात चांगली झाली, हे माझं नशीब.

तिथून मी एका बसस्थानकावर आलो. काचेची केबिन, कुरकुरणारा पंखा, एक खुर्ची आणि खुर्चीत बाई. स्थानकातले सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. कुठली गाडी कुठून सुटणार, कुठली उशिरा येणार, कुणाची पिशवी सापडली, हे सगळं बाई माझ्यातून सांगत. माझ्या मानेवर बटण होतं. ते दाबलं की तांबडा दिवा लागे. बाई घोटभर पाणी पीत, श्वास घेत आणि मगच बटण दाबत. केबिनमध्ये कितीही आरडाओरडा चाललेला असो, दिवा लागला की सगळे चिडीचूप. माझ्यासमोर बोललेलं प्रत्येक अक्षर बाहेरच्या शेकडो कानांत पडतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा काय झालं, एक गृहस्थ घाईघाईत गाडीत चढले, जागा पकडली आणि आपल्या बायकोला फलाटावरच विसरले. बायको हातात दोन पिशव्या घेऊन रडकुंडीला येऊन केबिनपाशी आली. गाडी सुटायच्या बेतात होती. गाड्या सोडणारे कंट्रोलर साहेब म्हणाले, "सांगा की सरळ, बायको विसरलेल्या प्रवाशाने खाली उतरावं!" केबिनमध्ये हशा पिकला. बाईंनी पाण्याचा घोट घेतला, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "निळा सदरा घातलेल्या, खिडकीशी बसलेल्या प्रवाशांनी कृपया खाली यावे. आपली मौल्यवान वस्तू फलाटावर राहिली आहे." निळा सदरा धावत आला. बायको डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "ऐकलंत ना? मौल्यवान!" बाहेर कुणाला काही कळलं नाही.

अशी माझी वर्षं गेली. लोक म्हणत, या स्थानकावरचा आवाज ऐकला की उशिरा येणाऱ्या गाडीचाही राग येत नाही. मला वाटे, त्यात अर्धा वाटा माझा.

मग एक दिवस भिंतीवर नवे कर्णे लागले. त्यांच्यातून साठवून ठेवलेला आवाज आपोआप बोलू लागला. तो कधी पाणी पीत नसे आणि कधी श्वासही घेत नसे. बाई निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांना काय हवं म्हणून विचारलं, तर त्यांनी मला मागून घेतलं. मी टॉवेलात गुंडाळला जाऊन त्यांच्या घरी आलो आणि कपाटावरच्या खोक्यात पडलो. शेजारी मोडकी छत्री, न लागणारी विजेरी आणि एकुलता एक हातमोजा. आम्ही चौघं तिथे धूळ खात पडून होतो. 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणतात ते काही खोटं नाही, असं तेव्हा मनात येई. बाई मात्र कधीतरी स्टुलावर चढून माझ्यावर फडकं फिरवत, तेवढंच बरं वाटे.

मला खोक्यातून बाहेर काढलं ते सूनबाईने. बाईंची ही सून एका कारखान्यात नोकरी करत होती. मुलांच्या बागेतले झोपाळे आणि घसरगुंड्या बनवणारा कारखाना. ऑर्डरी घेणं, माल वेळेवर पोचतोय का बघणं, हे तिचं काम. ते ती घरूनच लॅपटॉपवर करे. रोज सकाळी सगळ्यांची ऑनलाइन मीटिंग असे. एक दिवस लॅपटॉपचा आतला माइक बिघडला. पलीकडचे म्हणाले, "ताई, तुम्ही गुळण्या करताय का?" बाई म्हणाल्या, "माझा म्हातारा आहे की वर!" दुरुस्तीच्या दुकानात माझी जुनी वायर कापून नवी जोडली गेली. माझं बटण कायमचं निकामी झालं. तांबडा दिवाही विझला. आता मला चालू-बंद करायचं ते पडद्यावरच्या एका चिमुकल्या चित्राला बोट लावून. पण पहिल्याच दिवशी पलीकडून आवाज आला, "वा ताई, आज काय स्वच्छ ऐकू येतंय!" मित्रांनो, म्हातारपणी कुणी कामाचं म्हटलं की काय वाटतं, ते तुम्हाला इतक्यात कळायचं नाही.

त्या मीटिंगमधले आवाज मी हळूहळू ओळखायला लागलो. मोठ्या बाई म्हणजे कारखान्याच्या प्रमुख. त्या भराभर बोलत. विक्री बघणारा माणूस हसरा, प्रत्येक गोष्टीवर विनोद करणारा. आणि एक होता आराखडे काढणारा तरुण. कारखान्यातल्या प्रत्येक झोपाळ्याचं आणि घसरगुंडीचं चित्र आधी त्याच्या डोक्यात तयार होई. तो बोलताना अडखळे. एखाद्या अक्षरावर गाडी थांबली की थांबलीच. मग कुणीतरी घाईने पुढचा शब्द त्याच्या तोंडात घाली. तरुण तो शब्द टाकून दुसरीकडून सुरुवात करी आणि आणखी वेळ लागे.

त्या दिवशी तो एका नव्या कामाबद्दल सांगत होता. एका रुग्णालयाच्या अंगणात, आजारी मुलांसाठी खेळायची जागा करायची होती. तिकडे स्वयंपाकघरात कुकर लावलेला. बाई माझ्या शेजारीच मटार सोलत बसल्या होत्या. सूनबाईने मधे एकदा "हो, ऐकतेय मी" म्हणायला मला चालू केलं आणि बंद करायचं राहून गेलं. पलीकडे तरुण एका शब्दावर अडला होता. सूनबाई बाईंकडे वळून हसत म्हणाली, "याचं एक वाक्य होईपर्यंत माझा अख्खा कुकर होतो बघा, आई!"

आणि मित्रांनो, माझ्या बाई, ज्यांनी त्या गृहस्थांची लाज झाकली होती, त्या बाई मटाराची शेंग मोडत म्हणाल्या, "कुकरच्या शिट्ट्यासुद्धा याच्यापेक्षा सलग येतात गं!"

दोघी खळखळून हसल्या. मी माझं काम केलं. शब्द गेले, हसूही गेलं.

मग मोठ्या बाईंचा आवाज, या वेळी अगदी सावकाश. "ताई, तुमचा माइक चालू आहे."

सूनबाईचा हात पडद्याकडे धावला आणि मधेच थांबला. आता बंद करून तरी काय होणार होतं? पडद्यावर त्या तरुणाचा चेहरा होता. तो क्षणभर तसाच राहिला आणि मग तिथे काळा चौकोन आला.

दुपारी त्यात भर पडली. मीटिंगचं रेकॉर्डिंग होत असे. विक्रीवाल्याने त्यातला तेवढाच तुकडा कापला, वर कुकरचं चित्र चिकटवलं आणि कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. मीटिंगमध्ये एकही माणूस हसला नव्हता. ग्रुपवर मात्र एकेक करून हसणारे पिवळे चेहरे उगवायला लागले. समोर कुणाचे डोळे नसले की माणूस किती धीट होतो! कुणीतरी तो तुकडा बाहेरच्या माणसालाही पाठवला. त्याने त्या तरुणाला कधी पाहिलंही नव्हतं.

सूनबाई फोन घेऊन माझ्यासमोर बसली. लिहायची, खोडायची. शेवटी तिने त्याला पाठवलं, "सॉरी हं, चुकून माइक चालू राहिला."

बाईंनी चष्मा लावून ते वाचलं. "म्हणजे चूक कुठली गं? आपण बोललो ती, की माइक चालू राहिला ती?"

तेवढ्यात उत्तर आलं. नुसता एक अंगठा.

"अंगठा दाखवलाय, आई. म्हणजे रागावला नसेल ना?"

"अंगठ्यावरून काय कळणार गं? चेहरा कुठे दिसतोय!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या बाईंचा फोन आला. रुग्णालयाच्या लोकांना तो आराखडा उद्या समजावून सांगायचा होता. तरुणाने कळवलं होतं की तो बोलणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. "आणि शेवटी लिहिलंय, मला मोकळं करा," मोठ्या बाई म्हणाल्या. "नोकरी सोडतोय बहुतेक. इतका गुणी मुलगा! ताई, मी तुम्हाला रागावणार नव्हते, पण आता खरंच राग येतोय."

सूनबाईने लगेच त्या तरुणाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा. बाईंनी तिचा हात धरला. "पुरे. दार लावून बसलेल्या माणसाची कडी सारखी वाजवणं हीसुद्धा दांडगाईच."

"मग करू काय? तुम्हाला काय, तुमची नोकरी थोडीच आहे तिथे!" सूनबाई चिडून म्हणाली आणि रडायलाच लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "आयुष्यभर माइकसमोर जपून बोलले मी. दिवा विझल्यावर जीभ सैल सोडली. मला वाटलं, कुणी ऐकत नाहीये म्हणजे चालतं. तुझ्याइतकीच माझीही लाज गेलीय. ऊठ, तोंड धू. सगळ्यांच्या कानांवर जे गेलं, ते सगळ्यांसमोरच निस्तरायला हवं."

त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये त्याचा चौकोन नव्हताच. सूनबाईने मला जवळ ओढलं.

"मला आधी बोलायचंय," ती म्हणाली. "काल मी आपल्या एका सहकाऱ्याच्या बोलण्याची चेष्टा केली. माइक बंद असता तरी ती चेष्टाच ठरली असती. मी त्याची माफी मागणार आहे. आणि तो तुकडा ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी कृपा करून काढून टाका. ज्यांना पाठवलाय त्यांनाही सांगा."

"अहो ताई, गंमत होती ती!" विक्रीवाला म्हणाला.

"त्याची गंमत झाली का? तो हसला का?"

विक्रीवाला खाकरला. "काढतो. माझंच डोकं फिरलं होतं. बाहेर कुणी पाठवलाय, त्याचाही शोध घेतो." ग्रुपवरून तो तुकडा गेला, हसरे चेहरेही गेले. जो बाहेर गेला होता तो मात्र पूर्णपणे परत आला की नाही, मला माहीत नाही. सांडलेलं पाणी सगळं कुठे भरता येतं?

दुपारी सासू-सुना माझ्यासमोर बसल्या. त्या तरुणाला आवाजातला निरोप पाठवायचा होता. पहिल्यांदा सूनबाई बोलायला लागली, की कसं आदल्या दिवशी झोप झाली नव्हती, कसा कुकर लावला होता, कशी डोक्याला कटकट होती. बाईंनी हात वर केला. "माफी मागतेस की रडगाणं गातेस?" ते पुसून तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी निरोप छोटा झाला.

"मी तुमच्या बोलण्याची टर उडवली. माझं चुकलं. आज सगळ्यांसमोर मी तसं सांगितलंय. तो आराखडा तुमचा आहे, तो तुमच्याच तोंडून ऐकायला मला आवडेल. पण तुम्ही या निरोपाला उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

मग बाई पुढे सरकल्या. इतक्या वर्षांनी त्या बोलायला माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "मी हिची सासू. शिट्ट्यांचं वाक्य माझं होतं. मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, म्हणूनच बहुधा बोलायला जड गेलं नाही. माझ्या मुलाला कुणी असं बोललं असतं, तर मी त्या माणसाच्या घरी जाऊन भांडले असते. माझी चूक झाली."

निरोप गेला. थोड्या वेळाने तो ऐकल्याची निळी खूण उमटली. उत्तर आलं नाही. सूनबाई दर थोड्या वेळाने फोन उचलून बघे आणि पालथा ठेवून देई. त्या दिवशी दोघींनी जेवणही उभ्या उभ्याच उरकलं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाची मीटिंग सुरू झाली तेव्हा सूनबाईने मला बंद केलं, पुन्हा बघितलं, आणि बाईंनाही बघायला लावलं. "बंद आहे ना?" "बंद आहे." तरी दोघी कुजबुजतच बोलत होत्या. मोठ्या बाईंनी कसंबसं बोलायला सुरुवात केली. "म्हणजे, हा उतार इकडून वर जातो... नाही, इकडून..." त्यांना स्वतःलाच तो आराखडा कळत नव्हता. रुग्णालयातल्या एक सिस्टर विचारत होत्या, "पायाला प्लास्टर असलेलं मूल वर चढणार कसं?" मोठ्या बाई पानं उलटत राहिल्या.

आणि पडद्यावर एक नवा चौकोन उघडला.

"मा... मा... माझा आवाज येतोय का?"

सूनबाईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

तो बोलायला लागला. उतार इतका हळू चढतो की चाकाची खुर्ची स्वतःच्या हाताने ढकलत मूल वर जाऊ शकतं. वर पोचल्यावर आईला शेजारी बसायला जागा ठेवलीय. एका ठिकाणी तो चांगलाच अडला. "घ... घ..." सगळ्यांना शब्द माहीत होता. विक्रीवाल्याने श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. पण त्याने तो तसाच सोडून दिला. कुणी काही बोललं नाही. "घसरगुंडी," तरुण म्हणाला आणि पुढे गेला. घसरगुंडी रुंद होती, म्हणजे कुणाला एकट्याने घसरायची भीती वाटली तर दोघांना हात धरून घसरता येईल.

तो थांबल्यावर सिस्टर म्हणाल्या, "हे अगोदर कुणाला सुचलं का नाही?" काम मंजूर झालं. मोठ्या बाईंनी सोडलेला सुस्कारा इतका मोठा होता की समोरचे सगळे हसले, आणि तोही हसला.

मीटिंग संपली. त्याचा सोडून बाकीचे सगळे चौकोन मिटले. तो म्हणाला, "ताई, थांबा जरा."

सूनबाईने मला चालू केलं.

"निरोप ऐकला. राग आला होता. अजून थोडा आहे."

"असू दे," सूनबाई म्हणाली. "असायलाच हवा."

"आणि नोकरी का सो... सोडतोस, असा आज मोठ्या बाईंचा मेसेज आला. कोण सोडतंय? मी लिहिलं होतं, मला या मीटिंगमधून मोकळं करा. मोठ्या बाईंनी अर्धंच वाचलं."

बाई मागून मोठ्याने म्हणाल्या, "अरे देवा! आणि आम्ही इथे अन्न गोड लागेना म्हणून बसलोय!" आणि धपकन खुर्चीत बसल्या. सूनबाई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. खोलीतलं कुठलंतरी भलंमोठं ओझं कुणीतरी उचलून बाहेर नेल्यासारखं झालं. मला स्वतःला श्वास घेता येत नाही, पण त्या दोघींचा सुटलेला श्वास माझ्या जाळीतून आरपार गेला.

"एक सांगायचंय," तो पुढे म्हणाला. "माझं वाक्य कुणी पुरं करत जाऊ नका. शेवट म... मला माहीत असतो. फक्त पोचायला वेळ लागतो."

"आम्ही थांबू," सूनबाई म्हणाली.

मित्रांनो, पुढे ती जागा तयार झाली. सुरू झाली त्या दिवशी तरुणाने तिथलं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. त्याआधी त्याने सिस्टरांना आणि मुलांच्या आईवडिलांना विचारून घेतलं होतं. बाईंनी ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. नुसता कल्ला, किंचाळणं, आणि मधेच एका पोराचं "आता मी! आता मी!"

मी अजून याच टेबलावर असतो. बाईंनी माझ्यासाठी लोकरीची टोपी विणली आहे, धूळ बसू नये म्हणून. मीटिंगला कुणी बोलताना अडलं तर सूनबाई टेबलावरची पेन्सिल फिरवत शांत बसते.

माझी नवी भावंडं फार छोटी झाली आहेत, तुमच्या फोनच्या पोटात बसलेली. आम्हाला बरं-वाईट निवडता येत नाही. आमच्याकडे जे येतं ते आम्ही निमूटपणे पुढे देतो, आणि पलीकडे एक खराखुरा माणूस ते ऐकतो. त्याचा चेहरा तुम्हाला दिसो वा न दिसो, त्याला लागायचं ते लागतंच. म्हणून एवढंच मागतो. बोलून झालं की माइक बंद झालाय ना, ते जरूर बघा. पण त्याआधी, तो चालू राहिला तरी बिघडणार नाही, असं बोलत जा.